माधवराव महाराज शिंदे आणि कुनोचे सिंह

ग्वाल्हेरचे माधवराव महाराज शिंदे यांचे नाव निघाले की जुन्या वाचकांना काही गोष्टी हटकून आठवतात. जयविलास राजवाड्यात भोजनाच्या मेजावर पाहुण्यांपुढे फिरणारी चांदीची आगगाडी ही त्यांतली एक. चीनच्या मोहिमेसाठी त्यांनी दिलेले रुग्णालय-जहाज ही दुसरी. शिवपुरीच्या रानातील वाघांची शिकार ही तिसरी. या सर्वांहून वेगळी अशी चौथी गोष्ट मात्र त्यांच्याविषयीच्या लेखनात ओझरतीच येते. आफ्रिकेतून सिंह आणवून ते आपल्या संस्थानाच्या अरण्यात कायमचे वसवावेत, असा घाट महाराजांनी घातला होता. पैसा, मनुष्यबळ आणि चिकाटी यांपैकी कशाचीच उणीव नसताना तो फसला. परमुलुखातील प्राणी नव्या भूमीत केव्हा मूळ धरतो आणि केव्हा धरत नाही, या प्रश्नाचे उत्तर या फसलेल्या प्रयत्नात सापडते. म्हणून महाराजांच्या चरित्राकडे या बाजूनेही पाहणे अगत्याचे आहे.

हा प्रश्न आपल्या सीमाभागाला परका नाही. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याकडे निघाले की वाटेत कणकुंबी लागते. मलप्रभेचा उगम आणि माउलीचे देवस्थान यांमुळे गावाचे नाव सर्वतोमुखी आहे. एका अंगाला भीमगडचे अभयारण्य, घाटापलीकडे गोव्यातील म्हादईचे अभयारण्य आणि मध्ये गुरे राखून पोट भरणारी वस्ती, अशी येथील रचना आहे. रानात मोठे जनावर नांदणे म्हणजे काय, आणि त्याची किंमत गोठ्याला कशी मोजावी लागते, हे येथील माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. ग्वाल्हेरच्या सिंहांची कथा त्याला सहज उमजेल.

माधवरावांचा जन्म २० ऑक्टोबर १८७६ रोजी झाला. साताऱ्याकडील कण्हेरखेडच्या शिंदे घराण्याचा मूळ पुरुष राणोजी पेशव्यांच्या चाकरीत माळव्यात गेला. त्याचा पुत्र महादजी याने दिल्लीच्या राजकारणावर आपली छाप पाडली. आणि पुढे दौलतरावांच्या काळात ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली लष्कर हे नगर उभे राहिले. या नगरात दक्षिणेतून केवळ फौज आली नाही. सरदारांमागून त्यांची कुटुंबे आली, कारकून आले, भटभिक्षुक आले, आश्रित आणि सेवेकरी आले. चूल, देव्हारा आणि लग्नसंबंध यांसह समाज तेथे गेला, म्हणून तो दीडदोनशे वर्षे मराठी राहिला. मुक्कामाला आलेली फौज आणि वस्तीला आलेला समाज यांत हाच फरक असतो. पुढे सिंहांच्या बाबतीत हीच गोष्ट निराळ्या रूपाने महाराजांसमोर उभी राहणार होती.

वडील जयाजीराव १८८६ मध्ये निवर्तले तेव्हा माधवराव अवघ्या नऊ वर्षांचे होते. कारभार मंडळाकडे गेला आणि १८९४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांना पूर्ण अधिकार मिळाले. हाती आलेल्या राज्याचा पसारा मोठा होता, पण रस्ते, पाणी, शाळा, दवाखाने यांची वाण होती. तरुण महाराजांनी कामाचा धडाका लावला. यंत्रांचे त्यांना विलक्षण वेड होते. दोन फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी ग्वाल्हेरची छोटी रेल्वे हे त्यांचे लाडके अपत्य. तिचे उद्घाटन १८९९ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते झाले आणि १९०९ मध्ये तिचा एक फाटा थेट श्योपूरपर्यंत पोहोचला. सुमारे दोनशे किलोमीटरांचा हा मार्ग पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ त्या दुर्गम भागाची रक्तवाहिनी ठरला.

चीनमध्ये १९०० साली बॉक्सर उठाव झाला, तेव्हा महाराजांनी रुग्णालय-जहाज सिद्ध करून दिले आणि स्वतःही त्या मोहिमेत गेले. मायदेशी त्यांनी पंचायतींना उत्तेजन दिले, उद्योगधंद्यांना जागा आणि भांडवल पुरवले, शिवपुरीला उन्हाळी राजधानीचे रूप दिले. पंडित भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली १९१८ मध्ये ग्वाल्हेरात संगीताचे विद्यालय सुरू झाले, त्यामागेही त्यांचाच आश्रय होता. पुण्यातील शिवस्मारकाच्या कार्यात ते कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या बरोबरीने उभे राहिले. त्यांच्या द्वितीय पत्नी गजराराजे या गोव्याच्या राणे घराण्यातील. त्यामुळे ग्वाल्हेरच्या गादीचा धागा आपल्या घाटाखालच्या मुलुखाशीही जुळला.

असा हा कर्ता, हौशी आणि काहीसा हट्टी राजा रानाच्या बाबतीतही स्वस्थ बसणारा नव्हता. शिकार हा त्या काळी राजनीतीचा भाग होता. व्हाइसरॉय, सेनापती, युरोपातील राजपुत्र यांचे आतिथ्य वाघाशिवाय पुरे होत नसे. महाराजांनी स्वतः शेकड्यांनी वाघ मारले आणि वाघाच्या शिकारीवर मार्गदर्शक ग्रंथही लिहिला. तथापि त्यांच्या अरण्यात एक उणीव राहिली होती. एकेकाळी मध्य हिंदुस्थानात सिंह सर्रास आढळत. एकोणिसाव्या शतकात बंदुकांनी त्यांचा फडशा पाडला. ग्वाल्हेर संस्थानातील गुणे परिसरातील अखेरचे सिंह १८७० नंतरच्या काही वर्षांत संपले. म्हणजे माधवरावांच्या जन्माच्या सुमारास तेथला सिंह इतिहासजमा झाला होता. उरले ते फक्त जुनागडच्या गीर अरण्यात, आणि तेही मूठभर. लॉर्ड कर्झन यांनी १९०० मध्ये गीरमधील सिंहांची शिकार करण्याचे टाळून त्यांच्या रक्षणाचा आग्रह धरला होता.

याच कर्झनसाहेबांच्या सल्ल्याने, १९०४ च्या सुमारास, महाराजांनी आफ्रिकेतून सिंह आणवण्याचे ठरवले. व्हाइसरॉयची शिफारस मिळाली, माणूस रवाना झाला, मोठा खर्च झाला. निघालेल्या दहा सिंहांपैकी तीन समुद्रप्रवासातच दगावले. सात मुंबई बंदरात उतरले आणि ग्वाल्हेरला पोहोचले. त्यांत नर होते, माद्याही होत्या. त्यांना हौसेने देशी नावे देण्यात आली, पिंजऱ्यात त्यांची निगा राखली गेली आणि यथाकाल त्यांना पिल्लेही झाली. येथवर सर्व काही महाराजांच्या मनासारखे घडले.

पुढची पायरी अवघड होती. श्योपूरकडे कुनो नदीच्या खोऱ्यात उंच दगडी भिंतींची आवारे बांधून तेथे सिंहांना ठेवण्यात आले आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्यांना मोकळे सोडण्यात आले. सोडलेल्या सिंहांची संख्या बोटांवर मोजण्याएवढीच होती. थोड्याच काळात गावागावांतून तक्रारी येऊ लागल्या. सिंहांनी सांबर-चितळांची वाट न धरता गुरांची धरली. आणि गुरांमागून माणसेही बळी पडू लागली. काही सिंह पुन्हा पकडून आणावे लागले. महाराजांनी हार मानली नाही. दुसऱ्या खेपेस सिंहांना आवारातच जिवंत सावज देऊन शिकारीचा सराव करविण्यात आला आणि मग सोडण्यात आले. हे सिंहही एका ठिकाणी ठरले नाहीत. ते दूरदूर भटकले, संस्थानाची हद्द ओलांडून गेले आणि जेथे गेले तेथे गोळीला बळी पडले. १९३० च्या आसपास कुनोच्या रानात सिंहाचे नावही उरले नाही.

या अपयशाचे खापर कोणी नशिबावर फोडले, कोणी हवामानावर. प्रत्यक्षात हवामानाचा दोष नव्हता. त्याच प्रदेशात पन्नास वर्षांपूर्वीपर्यंत सिंह सुखाने नांदत होते. सावजही होते, पाणीही होते. मग उणे काय होते? उणी होती ती पहिल्या तुकडीची घडण.

सिंह हा वाघासारखा एकांडा प्राणी नाही. त्याचे कुटुंब असते, आणि कुटुंबाचा कणा म्हणजे परस्परांच्या नात्यातील माद्या. आई, मावश्या, बहिणी मिळून रानाचा एक भाग धरून ठेवतात. पिल्ले दोन वर्षांच्या आसपास त्यांच्या आधाराने वाढतात. कोणते सावज कोठे पाण्यावर येते, वारा कोणत्या बाजूचा असला म्हणजे कोठे दबा धरावा, मनुष्याचा वास आला की कसे सरकून जावे, हे सारे त्या सहवासात मुरते. ते रक्तात उतरत नाही, शिकावे लागते. ग्वाल्हेरच्या सिंहांपैकी जे पिंजऱ्यात जन्मले त्यांना हे शिकवणार कोण? त्यांनी जन्मापासून मांस पाहिले ते माणसाच्या हातून आलेले. माणसाचे भय त्यांना नव्हते. उलट माणूस दिसला की अन्न आले, एवढीच त्यांची समजूत झालेली. भिंतीआड दिलेल्या सरावाने त्यांना मारणे जमले असेल. पण दोरीने बांधलेल्या गाईत आणि मोकळ्या सांबरात काय फरक आहे, आणि त्यांतली कोणती शिकार अंगाशी येईल, हे त्यांना कोण सांगणार?

दुसरे असे की, मूळचे सिंह सातच. त्यांचीच पिल्ले सोडायची म्हटल्यावर सारी तुकडी एकमेकांच्या सख्ख्या-सावत्र भावंडांची होणार. समजा ते तगले असते, तरी दोन पिढ्यांनंतर एकाच रक्तातील संबंधांचा दोष डोके वर काढल्याशिवाय राहिला नसता. तिसरे म्हणजे, एवढ्या थोड्या जनावरांत एक-दोन माद्या गोळीला बळी पडल्या की उरलेल्या नरांना मुक्काम करण्याचे कारणच राहत नाही. ते जोडीदाराच्या शोधात भटकतात, आणि भटकणारे जनावर गावाच्या वाटेवर येते. सिंहांचे दूरवर भरकटणे हे त्यांच्या स्वभावाचे कोडे नव्हते. घर नसलेल्या प्राण्याची ती वणवण होती.

याच्या उलट चित्र त्याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला दिसत होते. १८७२ मध्ये जमैका बेटावर एका ऊसमळेवाल्याने कलकत्त्याहून लहान जातीची नऊ मुंगसे आणवली. चार नर, पाच माद्या, आणि त्यांतली एक मादी गाभण. त्याला उसातील उंदरांचा बंदोबस्त हवा होता. ही मुंगसे रानातून धरलेली, शिकारीत तरबेज, कोणाच्या हातून न खाणारी होती. काही वर्षांतच त्यांच्या संततीने ते बेट व्यापले. उंदरांबरोबर पक्षी, सरडे, साप यांचाही संहार मांडला. पुढे १८८३ मध्ये जमैकातूनच मुंगसे हवाई बेटांवर नेण्यात आली आणि तेथेही तोच अनर्थ झाला. आणलेले जनावर नऊच, पण तुकडी जाणती, जोडीची आणि प्रसवणारी होती.

आपल्या अंगणातील साळुंकीची कथाही अशीच आहे. १८६० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे पिकांवरील किडींच्या बंदोबस्तासाठी साळुंक्या सोडण्यात आल्या. तेथून त्या न्यूझीलंडला गेल्या. आज या देशांत साळुंकी हा उपद्रवी परका पक्षी मानला जातो. झाडांच्या ढोलीतून ती तेथील देशी पक्ष्यांना हुसकून लावते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासाने एक नवल उजेडात आणले. मेलबर्न आणि फिजी येथील साळुंक्यांचे मूळ बहुधा महाराष्ट्रातील एका समूहात आहे, आणि न्यूझीलंडच्या साळुंक्या मेलबर्नच्या साळुंक्यांच्या वंशातील आहेत. दोनदा गाळून निघालेला हा वंश असूनही तो फोफावला. मात्र त्यालाही मर्यादा पडली. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर सोडलेल्या साळुंक्या टिकल्या नाहीत. उत्तर बेटावर टिकल्या. पहिल्या तुकडीची घडण हे बीज होय. पण बीजाला मातीही मानवावी लागते.

मुंगूस आणि साळुंकी यांच्या शेजारी ग्वाल्हेरचे सिंह ठेवून पाहिले म्हणजे फरक लख्ख दिसतो. उंदीर-किडे मिळाले की मुंगसाचे आणि साळुंकीचे भागते. त्यांची वीण मोठी, वाढ जलद. सिंहाची वीण थोडी, वाढ संथ, आणि शिक्षण लांबलचक. अशा प्राण्याच्या पहिल्या तुकडीत एकही उणीव खपत नाही. पिंजऱ्यात वाढलेले दहा सिंह रानातील अनुभवी दोन सिंहिणींची जागा भरून काढू शकत नाहीत, ही गोष्ट त्या काळी महाराजांनाच काय, प्राणिशास्त्राच्या पंडितांनाही नीट ठाऊक नव्हती. त्यामुळे त्यांच्या अज्ञानाला दोष देणे अन्यायाचे होईल. पण दुसरा दोष मात्र झाकता येत नाही. सिंह आणण्याचा निर्णय राजवाड्यात झाला. त्याची किंमत श्योपूरच्या गुराख्यांनी आणि रानावर जगणाऱ्या आदिवासींनी मोजली. त्यांना कोणी विचारले नव्हते.

माधवराव हे चूक झाकून ठेवणारे राज्यकर्ते नव्हते. ग्वाल्हेरजवळ त्यांनी बांधवलेले तिघरा धरण १९१७ मध्ये फुटले आणि मोठी हानी झाली. ते पुन्हा उभारण्यात आले. धरणाची भिंत पुन्हा बांधता येते. सिंहांच्या बाबतीत तशी दुरुस्ती शक्य नव्हती, कारण कुटुंब विटा रचून उभे राहत नाही. महाराजांनी पुढे आपले लक्ष शिवपुरीकडे, तेथील तलावांकडे आणि वाघांकडे वळवले. मातोश्री सख्याराजे यांच्या स्मरणार्थ त्यांनी शिवपुरीत छत्री बांधवली. मुलगा जिवाजीराव नऊ वर्षांचाही झाला नव्हता, तोच ५ जून १९२५ रोजी पॅरिस येथे महाराजांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस. मातोश्रींच्या छत्रीसमोर त्यांची स्वतःची छत्री उभी आहे. जेथे वाघांच्या शिकारी झाल्या, त्या शिवपुरीच्या रानाला आज माधव राष्ट्रीय उद्यान म्हणतात.

कुनोची कथा मात्र तेथे संपली नाही. १९८१ मध्ये त्या रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. गीरच्या सिंहांना दुसरे घर असावे, म्हणून विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील चोवीस गावे उठवण्यात आली; त्यांत बहुसंख्य सहरिया आदिवासी होते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये सिंह हलवण्याचा आदेश दिला, पण गीरचे सिंह कुनोत आलेले नाहीत. त्याऐवजी १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते आले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा. या वेळी पहिल्या तुकडीचा हिशेब बारकाईने मांडलेला होता. नामिबियाच्या आठांत पाच माद्या आणि तीन नर होते. नरांपैकी दोघे सख्खे भाऊ, कारण चित्त्यांचे भाऊ एकत्र राहून मुलूख राखतात. तरीही काही चित्ते दगावले, आणि मार्च २०२३ मध्ये जन्मलेल्या पहिल्या चार पिल्लांपैकी एकच जगले. ती मादी मोठी झाली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तिला पिल्ले झाली. ज्या भूमीत माधवरावांचे सिंह टिकले नाहीत, तेथे हा दुसरा प्रयत्न किती मूळ धरतो हे काळच ठरवील.

आपल्या कणकुंबी-चोर्ल्याच्या रानात वाघ कोणी आणून सोडलेला नाही; तो या डोंगररांगांतून स्वतःच्या पायांनी येतो. तरी न्याय तोच. घाटाखाली सत्तरी तालुक्यातील गोळावली येथे जानेवारी २०२० मध्ये एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेले. त्याआधी तेथे गुरे मारली गेली होती. मेलेल्या वाघांची संख्या चार, एवढीच नोंद कागदावर झाली. वस्तुतः त्या रानात मूळ धरलेले एक कुटुंब संपले. एखादा भटका नर वाटेने येतो आणि जातो. वाघीण बछड्यांसह राहू लागली, म्हणजे रान पुन्हा वसते. तिच्यापायी ज्याची म्हैस गेली, त्याला भरपाई वेळेवर मिळाली, तर ती वाघीण वाचण्याची आशा असते. ग्वाल्हेरच्या सिंहांना आणि श्योपूरच्या गुराख्यांना ही संधी कोणी दिली नाही. माधवराव महाराजांच्या कर्तबगार आयुष्यातील या फसलेल्या प्रकरणाची आठवण एवढ्यासाठी ठेवायची.